झाडीपट्टीच्या नाटकाला पार्श्वसंगीत देताना या चुका टाळा

दुःखाचा प्रसंग आला की कीबोर्डवर व्हायोलिनचा सूर धरून ठेवायचा, ही झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात, नेहमी दिसणारी चूक. लेकीची पाठवणी असो की कर्जात बुडालेल्या बापाचा निरोप, सूर तोच. नाटक रात्रभर चालतं, आणि पहाटे तीनला त्या सुराचं कुणाला काही वाटत नाही. प्रसंग कुठला, महिना कोणता, हे आधी संहितेच्या कडेला लिहा, मग आवाज शोधा.

प्रयोग दिवाळीनंतरच्या थंडीत होतात, पण प्रसंग थंडीतला असेलच असं नाही. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असेल तर बांधीतले (धानाच्या शेतातले) बेडूक, चिखलात पाय रुतल्याचा आवाज, बायांची गाणी. मिरगाआधीच्या कोरड्या शेतात पावश्या ओरडू द्या. पुसाच्या (पौषातल्या) रात्री रातकिडे कर्कश वाजवू नका. थंडीत त्यांची किरकिर मंदावते. तिथे पिंगळा आणि लांबची कोल्हेकुई पुरते. पोळ्याच्या दृश्याला ढोल-ताशाचं तयार रेकॉर्डिंग लावतात, ते मला अजिबात पटत नाही. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असताना आपल्याकडे झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकी लोककवनं, म्हणतात. दोघांनी विंगेतून खड्या आवाजात एक झडती म्हटली, तरी अख्खं गाव उभं राहतं.

वीज आणि गडगडाट एकदम नको. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभरावरची वीज तीनेक सेकंदांनी ऐकू येते. लखलखाट झाला की नटाला आभाळाकडे बघू द्या, मग गडगडाट सोडा. हे ऑर्गनवाल्याला आणि तबलजीला बरोबर जमतं, कारण ते नटाचा श्वास बघून वाजवतात. रेकॉर्डिंगला तो दिसत नाही. म्हणून जिवंत साथ असताना पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका.

संवाद ऐकू येत नाहीत अशी ओरड झाली तर टांगलेले माइक वाढवू नका, ते शिट्टी मारतात. कीबोर्ड खाली आणा, विशेषतः मधली पट्टी, कारण माणसाचा आवाज तिथेच असतो. दुपारी रिकाम्या मैदानात लावलेला आवाज रात्री जुळत नाही: शाली-ब्लँकेटं पांघरलेली गर्दी वरच्या पट्टीचे सूर शोषून घेते. पहिल्या प्रवेशाला एक माणूस शेवटच्या रांगेत उभा करा आणि त्याच्या खुणेवर आवाज ठेवा.

आणि एखादा प्रवेश पूर्ण शांत ठेवायचा असेल तर जनरेटर मंचामागे नको. वायर लांब घ्या, तो भिंतीआड न्या.