हॅमॉकला झाडाचा चीक लागू नये म्हणून काय करायचं आणि लागलाच तर काय

गेल्या फेब्रुवारीत मुरबाडजवळ ओळखीच्यांच्या वाडीत आंब्याखाली हॅमॉक (दोन झाडांमध्ये बांधायचा कापडी झुला) लावला होता, सकाळी उठून बघतो तर वरचा टार्प, म्हणजे छतासारखं बांधायचं वॉटरप्रूफ कापड, अख्खा चिकट, बारीक बारीक थेंब आणि त्यावर धूळ बसलेली. मला वाटलं आंब्याचा चीक गळला. ठाण्याला घरी आल्या आल्या नेलपेंट रिमूव्हर घेऊन पुसत बसलो आणि एका कोपऱ्यातलं वॉटरप्रूफ कोटिंगच निघालं, अजून तिथून पाणी झिरपतं. नंतर वाडीतले काका म्हणाले, अरे तो चीक नाहीच, मोहोरावर तुडतुडे बसतात ना त्यांचा गोड रस खाली पडतो. म्हणजे साखरेसारखंच काहीतरी, कोमट पाणी आणि साबणाने आरामात गेलं असतं!

तेव्हापासून माझा एकच नियम, पुसायच्या आधी काय लागलंय ते ओळखायचं. कारण आपण सगळ्यालाच चीक म्हणतो पण ते एक नसतं. बाभूळ, धावडा यांचा डिंक पाण्यात विरघळतो. वड, उंबर, फणस यांचा पांढरा दुधासारखा चीक, तो वाळला की रबरासारखा होतो आणि पाण्याला दाद देत नाही. आणि हिमाचलला वगैरे गेलात तर तिथे पाईन, देवदारची राळ, तिला स्पिरिटच लागतं.

आता लागूच नये म्हणून. हॅमॉक लावायच्या आधी झाडाखालचा पाला, दगड बघा, पानं चमकत असतील, बोटाला चिकटत असतील किंवा त्यांच्यावर काळी बुरशी आली असेल तर वरून रस पडतोय, दुसरं झाड शोधा. डिसेंबर ते फेब्रुवारी मोहोराच्या दिवसात आंब्याखाली मी आता लावतच नाही. एप्रिल-मेमध्ये पण नको, आंबा देठापासून तुटला की जो चीक उडतो तो कपड्यावर डाग पाडतोच शिवाय अंगावर पडला तर कातडी भाजते. खोडावर ताजी जखम, फांदी छाटलेली, डिंकाचे गोळे दिसले तर तेही सोडा. मला सगळ्यात आवडतात ती किनाऱ्यावरची सुरूची बनं, तिथे चिकाचा त्रास मला तरी झालेला नाही, फक्त वरच्या वाळक्या फांद्या नीट बघून घ्या.

बरेचदा चीक आपणच काढतो. बारीक नायलॉनची दोरी डायरेक्ट खोडाला आवळली की वजनाने ती सालीत रुतते, साल सोलली जाते आणि उंबर-फणसाला लगेच दूध येतं. झाडाला इजा ती वेगळीच, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून किमान एक इंच रुंद पॉलिएस्टरचा पट्टा घ्या, दोन इंची मिळाला तर उत्तम, आणि पट्टा आणि खोड यांच्यामध्ये गोणपाटाची घडी घाला. वाण्याकडे रिकामं पोतं मिळतं, त्याच्या दोन पट्ट्या कापल्या की झालं, चीक आला तरी गोणपाट खातं. हे पट्टे आणि गोणपाट परत पॅक करताना हॅमॉकच्या पिशवीत कोंबायचे नाहीत, वेगळी पिशवी ठेवा. माझ्या एका मित्राने फणसाचा चीक लागलेला पट्टा हॅमॉकमध्ये गुंडाळून ठेवला, उघडला तेव्हा तीन ठिकाणी डाग.

बिब्ब्याच्या झाडाला तर हातच लावू नका, कातडीला फोड येतात, आणि डाग कपड्यावरून जात नाही, पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्बाच वापरायचे यातच सगळं आलं.

लागलाच तर. ओला चीक तिथल्या तिथे कागदाने टिपून घ्या, घासू नका, पसरतो. डिंक असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. वडा-फणसाचा वाळलेला चीक असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून तेवढा भाग बर्फावर ठेवा, कडक झाला की नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने खरवडा, उरलेल्यावर थोडं खोबरेल चोळा (फणस कापताना घरी सुरीला तेल लावतात तेच इथे), दहा मिनिटांनी भांडी घासायच्या लिक्विडने दोनदा धुवा नाहीतर तेलाचा डाग राहतो आणि त्यावर धूळ बसते. राळेला मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन टिपत टिपत काढा, आधी कडेला छोट्या जागी लावून बघा, कोटिंग किंवा रंग निघतोय का. गॅसजवळ, देवाच्या दिव्याजवळ हे करू नका. पेट्रोल, थिनर, नेलपेंट रिमूव्हर, गरम इस्त्री यातलं काहीच नको.

मग बादलीत हातानेच धुवा, मशीन नको, ब्लीच नको, कम्फर्टसारखं सॉफ्टनर पण नको. वाळवताना कडक उन्हात दिवसभर टाकू नका, उन्हाने नायलॉन कमजोर होतं. पावसाळ्यात आपल्याकडे ठाण्यात काय आणि वाशीला काय, सावलीत दोन दिवस वाळत नाही, मी तर रात्री हॉलमध्ये दोरी बांधून पंख्याखाली टाकतो आणि शिवणीला हात लावून ओल नाही ना बघूनच घडी घालतो.