देशाचा जमीनवापर कसा बदलत गेला, हे कसे शोधावे

जंगल घटले, शेती आटली, शहरे फुगली, अशी विधाने कोणत्याही देशाबद्दल सर्रास केली जातात. ती पडताळून पाहायची तर हाताशी दोनच गोष्टी असतात: सरकारी दप्तरातले आकडे आणि उपग्रहांची छायाचित्रे. दोन्ही आज घरबसल्या आणि बहुतांशी फुकट मिळतात. खरी गोम पुढे आहे. आकडा बदलला म्हणून जमीन बदललीच असे नाही; आणि आकडा जागच्या जागी राहिला तरी जमिनीवर बरीच उलथापालथ झालेली असू शकते. पुढच्या बहुतेक पायऱ्या या एका गोमेपायीच आहेत.

आधी व्याख्या वाचा

जमिनीवर काय उभे आहे ते भूआच्छादन, तिचा उपयोग कशासाठी होतो तो भूवापर. उपग्रहाला पहिले दिसते, दप्तरात बहुधा दुसरे लिहिलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या, लेखी जंगल म्हणजे किमान अर्धा हेक्टर जागा, 5 मीटरपेक्षा उंच वाढणारी झाडे आणि 10 टक्क्यांहून जास्त वृक्षछत्र. या हिशेबात तेलताडाची लागवड जंगलात धरत नाहीत, रबराची मात्र धरतात. तोड झालेला, पण पुन्हा झाडे येऊ घातलेला पट्टाही कागदोपत्री जंगलच राहतो, वरून तो उजाड दिसला तरी. म्हणून तुलनेसाठी घेतलेल्या सगळ्या वर्षांत व्याख्या एकच होती का, हे सर्वांत आधी पाहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून काढलेला आलेख बिनकामाचा.

आकड्यांची मालिका उतरवून घ्या

एफएओच्या सांख्यिकी संकेतस्थळावर देशवार जमीनवापर 1961 पासून मिळतो. आकडे हजार हेक्टरांत असतात. शून्यांचा घोळ इथेच होतो. प्रत्येक आकड्याशेजारी एक अक्षर असते: 'ए' म्हणजे अधिकृत, 'ई' म्हणजे अंदाजित, 'आय' म्हणजे गणिताने भरलेला. सलग दहा वर्षे रेष अगदी सरळ चाललेली दिसली, तर शेजारचे अक्षर बघा. तिथे मोजणी झालेली नसण्याचीच शक्यता जास्त.

देशाच्या स्वतःच्या नोंदी त्याहून तपशीलवार असतात. त्यांतून एकाच वर्षाचा आकडा उचलू नका. दुष्काळात पेरा घटतो आणि पड जमीन वाढते, पुढच्या वर्षी चित्र उलटते. तीन वर्षांची सरासरी घेतली की हे चढउतार बरेच विरतात.

दप्तर बदलले की जमीन?

ही पायरी घाईत उरकू नये. भारताच्या भूवापर आकडेवारीत 1950-51 मध्ये वनांखाली सुमारे 4.05 कोटी हेक्टर क्षेत्र आहे आणि 1970-71 मध्ये सुमारे 6.39 कोटी. वीस वर्षांत सव्वादोन कोटी हेक्टरांहून अधिक जंगल वाढले? मग त्याच तक्त्यातली वरची ओळ पाहा. ज्या क्षेत्राची माहिती मिळते तेच या काळात सुमारे 28.4 कोटींवरून 30.4 कोटी हेक्टरांवर गेले होते. शिवाय संस्थाने आणि जमीनदाऱ्या गेल्यावर त्यांच्याकडची जंगले सरकारी नोंदीत आली. म्हणजे वाढीचा मोठा भाग नोंदणीचा आहे, नव्या झाडांचा नव्हे.

त्याच तक्त्यात उलटा धडाही आहे. निव्वळ पेरणी क्षेत्र 1970-71 पासून 14 कोटी हेक्टरांच्या आसपास घुटमळते आहे. तेवढेच पाहिले तर शेतीत काही घडलेच नाही असे वाटेल. पण एकूण पीकक्षेत्र, म्हणजे दोनदा पेरलेली जमीन दोनदा मोजून येणारे, त्या वर्षी सुमारे 16.6 कोटी होते, ते पुढे 20 कोटींच्या पार गेले. जमीन तेवढीच राहिली, पिके मात्र वाढली.

सीमारेषाही तपासा. 2011 मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाल्यावर सुदानच्या आकड्यांत जी दरी पडते, ती कुऱ्हाडीने पडलेली नाही. नेदरलँड्समध्ये तर जमीनच वाढली: 1932 मध्ये मोठा बांध पूर्ण झाल्यावर आतला समुद्र टप्प्याटप्प्याने आटवला आणि त्या जागेवर उभा राहिलेला फ्लेव्होलँड 1986 मध्ये प्रांत झाला. अशा ठिकाणी टक्केवारी काढताना छेद कोणत्या वर्षाचा, हे लिहूनच ठेवावे.

नकाशे एकमेकांवर ठेवा

लँडसॅट या अमेरिकी भूनिरीक्षण उपग्रहांच्या मालिकेतला पहिला उपग्रह 1972 चा, आणि तिचा सगळा साठा 2008 पासून विनामूल्य खुला झाला. दोन वर्षांची चित्रे एकाच हंगामातली घ्या, नाहीतर कापणीनंतरचे शेत ओसाड माळ म्हणून मोजले जाईल. सुरुवातीची चित्रे सुमारे 80 मीटर तपशिलाची, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर तेवढ्या लांबीरुंदीचा; 1982 नंतरची 30 मीटरची. जुन्या चित्रात न दिसलेले गाव नव्यात उमटले, म्हणून ते नव्याने वसले असे धरू नका.

मग दोन्ही चित्रांवरून काढलेल्या नकाशांचा संक्रमण तक्ता करा: आडव्या ओळीत जुना वापर, उभ्या स्तंभात नवा. समजा, जंगल दोन्ही वर्षी 40 लाख हेक्टर आहे. तक्ता सांगतो की 34 लाख जसेच्या तसे राहिले, 5 लाखांची शेती झाली, 1 लाखावर वस्त्या आल्या आणि सोडून दिलेल्या कुरणांवर 6 लाख हेक्टर झाडी उगवली. निव्वळ बदल शून्य, पण जुने जंगल 6 लाख हेक्टरांनी गेले ते गेलेच.

या आकड्यांवर लगेच विसंबू नका. दोन्ही नकाशे 90 टक्के अचूक असतील आणि त्यांच्या चुकांचा एकमेकींशी संबंध नसेल, तर दोन्हीकडे बरोबर असलेली जागा 81 टक्केच उरते. खरा बदल 2-3 टक्क्यांचा असेल, तर तो या चुकांतच बुडून जातो. उपाय म्हणजे विखुरलेले बिंदू यादृच्छिक निवडायचे, बदल दाखवणाऱ्या भागात जास्त, आणि प्रत्येक बिंदू अधिक स्पष्ट चित्रांवर डोळ्यांनी तपासायचा. त्यावरून क्षेत्र पुन्हा काढायचे आणि चुकीची मर्यादाही द्यायची.

कारण शेवटी जोडा

आलेखावर कायदे, युद्धे, बाजारभाव यांच्या तारखा मांडा, पण रेष वळली त्याच्या आधीपासूनच्या. कोस्टा रिकाने 1996 च्या वनकायद्याने जंगलाचा वापर बदलायला बंदी केली आणि 1997 पासून जंगल राखणाऱ्यांना मोबदला देऊ लागला. श्रेय बहुधा एवढ्यालाच मिळते. पण गोमांसाचा धंदा मंदावल्याने कुरणे सोडून देणे त्याच्या आधीच सुरू झाले होते.

आयातीचा हिशेबही याच वेळी करा: आयात टनांत, भागिले हेक्टरी उत्पादन. 2020 मध्ये चीनने सुमारे 10 कोटी टन सोयाबीन बाहेरून आणले. हेक्टरी 3 टन धरले, तर ती 3 कोटींहून अधिक हेक्टरांची पेरणी झाली. चीनच्या जमीनवापर तक्त्यात ती सापडत नाही. तिची नोंद मुख्यतः ब्राझील आणि अमेरिकेच्या शेतीखाली पाहायला मिळते.