घरी शिकणारी मुलं आणि मांडीवर तान्हं बाळ: या चुका टाळा

सकाळी १० वाजता गणित, ११ ला मराठी, १२ ला परिसर अभ्यास. असं वेळापत्रक भिंतीवर लावलं की बहुतेक घरांत ते आठवडाभरही टिकत नाही. मग मुलांना शिस्त नाही, आईला जमत नाही, अशी बोलणी सुरू होतात. चूक मात्र वेळापत्रकाची असते. ते घड्याळावर बेतलेलं असतं आणि घर चाललेलं असतं बाळाच्या झोपेवर.

२-३ महिन्यांचं बाळ एका वेळी जेमतेम तास-दीड तास जागं राहतं, ६ महिन्यांचं दोन-अडीच तास, ९ महिन्यांचं तीन तासांच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज बांधायला एवढं पुरतं. बाळ उठलं की ती वेळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पुढची झोप कधी येईल ते तिथून मोजा. वेळापत्रकात तास लिहू नका, क्रम लिहा: पहिल्या झोपेत हे, पाजताना ते, मालिश-अंघोळीच्या वेळी अमुक. ७-९ महिन्यांच्या सुमारास दिवसाच्या तीन झोपांच्या दोन होतात, दीड वर्षाच्या आसपास एकच उरते. त्या दिवसांत ठरलेली घडी विस्कटतेच. तेव्हा जुनीच घडी रेटू नका, क्रम नव्याने मांडा.

सगळा अभ्यास बाळाच्या झोपेवर ढकलणं

सर्वांत जास्त त्रास या चुकीने होतो. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ४० ते ५० मिनिटांचं असतं आणि ते संपताना बाळ चाळवतं, कधी पूर्ण जागं होतं. त्यातली सुरुवातीची १०-१५ मिनिटं झोप हलकी असते. हात उचलून सोडला की तो सैल पडला, तरच बाळ खाली ठेवण्यात अर्थ आहे. म्हणजे हातात खात्रीची वेळ उरते २० ते २५ मिनिटं. त्यात दोन मुलांचे तीन विषय बसवायला गेलात की मधेच रडणं ऐकू येतं, मोठ्याचा भागाकार अर्धा राहतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

झोपेच्या वेळेसाठी एकच गोष्ट राखून ठेवा: ज्यात तुमचं पूर्ण लक्ष लागतं ती. भागाकाराची मांडणी पहिल्यांदा शिकवणं, जोडाक्षर फोडून दाखवणं, लिहिलेला उतारा शेजारी बसून तपासणं. आज एका मुलाची पाळी, उद्या दुसऱ्याची. बाकीचं बाळ जागं असताना होतं. पाजताना एक हात मोकळा असतो, तेव्हा मोठ्याने वाचा किंवा मुलाला वाचायला सांगा. बाळाला तेल लावताना पाढे म्हणून घ्या. शब्दांची उदाहरणं तोंडी घालता येतात. सुलेखन, नकाशा रंगवणं, झालेल्या प्रकारची पाच गणितं, ही कामं मूल एकटं करू शकतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात. त्यांतली अशी पानं आदल्या रात्री खूण करून ठेवली की सकाळी शोधाशोध होत नाही.

लसीच्या दिवशी (६, १० आणि १४ आठवडे, पुढे ९ महिने) आणि दुसऱ्या दिवशी नवं काही काढूच नका. ताप आणि किरकिर येणार हे धरून चाला.

चिंचोके, मणी आणि रांगतं बाळ

बाळ रांगायला लागेपर्यंत मोठ्यांचा अभ्यास सतरंजीवर चालतो. रांगायला लागलं की त्याच दिवशी तो टेबलावर जायला हवा. ४ सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू बाळाच्या हाती लागेल अशी ठेवू नका: चिंचोके, मणी, डाळी, खोडरबराचे तुकडे, पेनाची टोपणं. गुंजा तर घरातच नकोत. लाल-काळ्या सुंदर दिसतात, पण बी चावलं गेलं तर विषारी असतं. खेळण्यातले किंवा घड्याळातले बटणासारखे सेल आणि छोटी लोहचुंबकं त्याहून धोक्याची. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठा.

मोजणीसाठी लिंबं, बटाटे, वाट्या वापरा; दशक समजावायला दहा-दहा लिंबांची टोपली पुरते. अभ्यास संपल्यावर खोलीतली जमीन बाळाच्या उंचीवर, गुडघ्यांवर बसून एकदा पाहा. उभ्याने टेबलाखालचा मणी दिसत नाही.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं आणि त्याला रडता-खोकता येत नसेल, तर पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ दाब, आलटून पालटून. दिसत नसलेली वस्तू बोट घालून चाचपू नका, ती आणखी आत जाते. तेवढ्यात दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगा. बाळ बेशुद्ध झालं तर लगेच कृत्रिम श्वास आणि छातीदाब लागतात; हे सगळं डॉक्टरांकडून किंवा प्रशिक्षणात आधीच करून पाहावं.

बाळासाठी अभ्यासापुरतीच निघणारी एक टोपली ठेवा: स्टीलची वाटी, लाकडी चमचा, सुती दुपटं, मोठं झाकण. एरवी ती वर ठेवायची आणि तीन-चार दिवसांनी आतल्या वस्तू बदलायच्या. रोज समोर असलेल्या टोपलीकडे बाळ ढुंकून पाहत नाही.

ताईला बाळाची आया करणं

"जरा बघ गं बाळाकडे" हे दिवसातून दहादा झालं की ताईचा अभ्यास तुटतो आणि बाळावर रागही धरला जातो. तिची पाळी ठरवून द्या, १० मिनिटांची, मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असताना. सात-आठ वर्षांच्या मुलाने बाळाला उचलून चालू नये; बसून मांडीवर घ्यावं.

दाखला न घेता शाळा सोडणं

शाळेतून काढताना शाळा सोडल्याचा दाखला घ्यायचा राहतो. पुढे दहावीला खाजगीरीत्या बसायला १७ नंबरचा फॉर्म भरताना तोच मागतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा (एनआयओएस) मार्ग घेतला तर माध्यमिक अभ्यासक्रमासाठी १४ वर्षं पूर्ण लागतात, विषय किमान पाच. नोंदणी ५ वर्षं चालते, त्यामुळे घाईने सगळे विषय एकाच परीक्षेत देण्याची गरज नाही. बाळ लहान असेल त्या वर्षी दोनच विषयांची परीक्षा द्या. जन्मदाखला, आधार आणि दर महिन्याला तारीख टाकलेली अभ्यासाची तीन-चार पानं प्रत्येक मुलाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.