संभाजीनगर, देवगिरी आणि वेरूळ एका दिवसात: या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरला मुक्कामाला उतरलेल्या पर्यटकाला हॉटेलच्या काउंटरवर किंवा बसस्थानकाबाहेरच्या ट्रॅव्हल्सच्या कार्यालयात एकदिवसीय सहलीचा जो कागद मिळतो, त्यावर बहुधा सात ठिकाणे छापलेली असतात: देवगिरी किल्ला, खुलताबाद, भद्रा मारुती, घृष्णेश्वर, वेरूळ लेणी, पाणचक्की आणि बीबी का मकबरा. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि देवगिरी त्याच रस्त्यावर निम्म्या वाटेत लागतो, त्यामुळे सातही ठिकाणी गाडी दिवसभरात पोहोचते, यात शंका नाही. काही वर्षांपूर्वी आई आणि मावशीला घेऊन आम्ही अशाच एका सहलीला गेलो होतो. वेरूळला आमच्या वाट्याला अवघा सव्वा तास आला. कैलास लेण्यातून बाहेर पडताना आईने जैन लेण्यांची चौकशी केली, तेव्हा गाइडने तिला हातातले घड्याळ दाखवले. ती लेणी आईला पुढे कधीच पाहता आली नाहीत. त्यानंतर मी या वाटेने अनेकदा गेलो आणि दर वेळी मला हेच जाणवले की वेरूळचे तास आधी राखून ठेवावेत आणि बाकीचा दिवस त्यांच्याभोवती बसवावा. सहलीतल्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

वार न पाहता निघणे

वेरूळची लेणी दर मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची दर सोमवारी. ही माहिती सहज मिळणारी असूनही मंगळवारी वेरूळच्या फाटकापर्यंत येऊन परत फिरणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. घृष्णेश्वराचे मंदिर मंगळवारीही उघडे असल्याने त्या दिवशी ‘वेरूळ दर्शन’ या नावाने सहल निघू शकते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी लेणी आतून दाखवणार का, हा प्रश्न नेमक्या शब्दांत विचारावा. मंगळवार हातात आलाच असेल, तर तो दिवस अजिंठ्याला द्यावा किंवा देवगिरी, घृष्णेश्वर, मकबरा आणि शहराजवळची औरंगाबाद लेणी असा कार्यक्रम आखावा.

अजिंठा आणि वेरूळ ही नावे जोडीने उच्चारली जात असल्यामुळे ती शेजारीशेजारी असावीत, असा समज पुण्या-मुंबईच्या मंडळींतही आढळतो. प्रत्यक्षात अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर, ईशान्येकडे आहे आणि वेरूळ वायव्येकडे. दोन्ही एका दिवसात दाखवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यातला बहुतेक दिवस गाडीतच जाणार, हे ओळखून नकार द्यावा.

उन्हाचा आणि प्रकाशाचा विचार न करणे

नेहमीच्या सहली सकाळी नऊ किंवा साडेनऊला निघतात, वाटेत नाश्त्याला थांबतात आणि देवगिरीच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत अकरा वाजलेले असतात. मग माथ्यापर्यंतची शेकडो पायऱ्यांची चढण भर दुपारी पदरी पडते, माणसे थकतात, जेवण लांबते आणि वेरूळला तीन-साडेतीनला पोहोचल्यावर कैलासापलीकडे जाण्याचे त्राण उरत नाही. यावर उपाय साधा आहे. शहरातून सकाळी सात-साडेसातला निघावे, देवगिरीचे फाटक उघडताच आत शिरावे आणि साडेदहाच्या आत खाली उतरावे. उन्हाळ्यात मराठवाड्याचे ऊन पाहता याला दुसरा पर्याय मला दिसत नाही.

वेरूळचा डोंगर पश्चिमाभिमुख आहे आणि लेणीही त्याच दिशेला तोंड करून आहेत. सकाळी त्यांच्या दर्शनी भागावर डोंगराचीच सावली असते. दुपार कलल्यावर सूर्यप्रकाश थेट मंडपांत शिरतो आणि भिंतीवरची शिल्पे उजळू लागतात. दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, हा फरक फार स्पष्ट दिसतो. ज्या लेण्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात, त्याच्या छताला लाकडी वाशांची हुबेहूब आठवण करून देणाऱ्या दगडी फासळ्या आहेत. सकाळी त्या अंधारात हरवतात आणि दुपारनंतर एकेक करून मोजता येतात. तेव्हा सकाळी किल्ला, बारा वाजेपर्यंत वेरूळ गावात पोहोचून जेवण आणि त्यानंतर किमान साडेतीन ते चार तास लेणी, हा क्रम ट्रॅव्हल्सवाल्याकडून आधीच कबूल करून घ्यावा. वाटेत देवगिरीच्या जुन्या बाह्य तटबंदीतील अरुंद दरवाजातून रस्ता जातो. सुट्टीच्या दिवशी तिथे वाहने खोळंबतात, हे धरून अर्धा तास हाताशी ठेवावा.

देवगिरी ही केवळ चढण समजणे

घरात वयस्कर माणसे असली की पायथ्याशीच वाद सुरू होतो: सगळ्यांनी वर जायचे की कोणीच जायचे नाही? याची गरज नाही. किल्ल्याचे उत्तम भाग पहिल्या दरवाजापासून खंदकापर्यंतच्या बऱ्याच सपाट पट्ट्यात आहेत. हत्ती हौद, भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाणारी जुन्या खांबांची वास्तू आणि पंधराव्या शतकातला, सुमारे ६४ मीटर उंचीचा चांद मिनार सावकाश चालत पाहता येतात. एकामागोमाग येणारे आणि मुद्दाम वळणावर बसवलेले दरवाजे, हत्तीच्या धडकेला रोखणारे खिळे, कड्याच्या बाजू उभ्या तासून तयार केलेला कातळ आणि त्याच्या पायाशी खोदलेला खंदक यांतून हा किल्ला बळाने जिंकणे किती कठीण होते, ते उलगडते. गाइडचा खरा उपयोग याच टप्प्यात आहे. १२९६ साली अलाउद्दीन खलजीची स्वारी रामचंद्रदेव यादवावर आली, १३२७ साली मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे हलवून दौलताबाद हे नाव दिले आणि पुढे एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच किल्ल्याचे किल्लेदार होते, हे सारे त्या जागी उभे राहून ऐकताना मनात घट्ट बसते.

खंदकाच्या पलीकडे ‘अंधारी’ नावाचा काळोखा वळणदार मार्ग लागतो. आत वटवाघळांचा उग्र दर्प असतो आणि पायऱ्या ओबडधोबड आहेत. प्रत्येकाजवळ बॅटरी असावी, मोबाइलच्या उजेडावर संपूर्ण गटाने विसंबू नये आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावे. ज्यांना वर जायचे आहे, त्यांच्यासाठी परत भेटण्याची जागा आणि वेळ ठरवून द्यावी. चांद मिनाराजवळची सावली त्यासाठी चांगली. खाण्याच्या पिशव्या हातात लोंबकळत ठेवू नयेत, कारण इथली आणि वेरूळचीही वानरे त्या हिसकावून नेतात.

कैलास पाहिला म्हणजे वेरूळ पाहिले, असे मानणे

ही या सहलीतली सर्वांत मोठी चूक आहे आणि तिला वेरूळची रचनाच कारणीभूत ठरते. तिकीटघरातून आत गेल्यावर समोर सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे येते, लोक तिथे रमतात आणि मग परत गाडीकडे वळतात. पाहण्यासाठी खुली असलेली ३४ लेणी डोंगराच्या कडेने दोन किलोमीटरच्या आसपास पसरली आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. शेवटचा गट कैलासापासून बराच दूर असल्याने तिथे बसने जावे लागते. ही बस कोठून सुटते आणि तिची शेवटची फेरी केव्हा आहे, हे आत शिरतानाच विचारून घ्यावे; आमच्या आईची लेणी हुकली, ती हे न विचारल्यामुळेही.

माझ्या मते कैलासाने सुरुवात न करता उजवीकडे वळून बौद्ध लेण्यांपासून आरंभ करणे श्रेयस्कर आहे. पाचव्या लेण्यातील दगडी बाकांच्या लांबच लांब रांगा, दहावे चैत्यगृह आणि बाहेरून एखाद्या साध्या तीनमजली इमारतीसारखे दिसणारे, पण वरच्या मजल्यावर ओळीने बसलेल्या बुद्धमूर्तींनी थक्क करणारे बारावे ‘तीन ताल’ लेणे पाहून कैलासाकडे आलो, की कारागिरांनी केवढी झेप घेतली ते कळते. आधीची लेणी डोंगराच्या पोटात आडवी कोरत नेलेली आहेत. कैलास मात्र डोंगर माथ्यापासून खाली तासत, भोवतीचा खडक काढून मोकळा केलेला आहे. मागची भिंत सुमारे शंभर फूट उंच आहे. छत, खांब, शिखर, हत्ती, जिने आणि पूल हे सारे एकाच खडकाचे असल्याने चुकून जास्त तासला गेलेला दगड परत बसवण्याची सोय नव्हती. प्रांगणात उभे राहून नुसते वर पाहून परतू नये. दक्षिणेच्या बाजूला कैलास पर्वत हलवणारा रावण, सभामंडपाच्या बाहेरच्या भिंतींवर रामायण आणि महाभारताचे पट आणि वरच्या मजल्यावरील छतात उरलेले रंगकामाचे अंश आवर्जून पाहावेत. एकट्या कैलासाला सव्वा तास द्यावा.

गाइडचे बोलणे न पारखणे

शासनमान्य गाइडकडे ओळखपत्र असते. ते पाहावे, आणि भाषा, मानधन, कोणकोणती लेणी दाखवणार व किती वेळ सोबत राहणार या चार बाबी आधीच पक्क्या कराव्यात. सहलीच्या गाडीतला ‘गाइड’ अनेकदा चालकच असतो आणि लेण्यांत तो येत नाही. तसे असल्यास वेरूळच्या फाटकापाशी स्वतंत्र गाइड घेणे उत्तम.

कैलास परग्रहवासीयांनी बांधले, औरंगजेबाने हजार माणसे लावून ते तीन वर्षे फोडले तरी ते भंगले नाही, अशा कथा फार रंगवून सांगितल्या जातात. त्यांना आधार नाही. त्या ऐकण्यात गेलेला वेळ शिल्पांच्या वेळातून वजा होतो, म्हणून मला त्यांचे वाईट वाटते. गाइडला नम्रपणे विचारावे की हे लेणे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याचे, हे कशावरून ठरले? जाणकार गाइड बडोद्याच्या ताम्रपटाचा उल्लेख करील. नवव्या शतकाच्या आरंभीच्या त्या ताम्रपटात कृष्णराजाने एलापुरी, म्हणजे वेरूळला, उभारलेल्या अद्भुत मंदिराचे वर्णन आहे आणि ते घडवणारा शिल्पकारसुद्धा आपण हे कसे घडवले म्हणून विस्मित झाला, असे त्यात म्हटले आहे. सुमारे साडेबाराशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचे आश्चर्य कोणत्याही रचलेल्या कथेपेक्षा मला अधिक भावते.

दर्शनाची वेळ आणि खरेदीचा थांबा

घृष्णेश्वर लेण्यांपासून जेमतेम एक किलोमीटरवर आहे. सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला रांगेत काही तास जातात. त्या दिवशी दर्शन आणि संपूर्ण लेणी यांतले एकच निवडावे. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा व बनियन काढावे लागते आणि मोबाइल बाहेर ठेवावा लागतो.

पैठणी किंवा हिमरूच्या दुकानातला ‘पाच मिनिटांचा’ थांबा पाऊण तासाखाली संपत नाही. खरेदी करायची असल्यास शहरात परतल्यावर स्वतंत्रपणे करावी आणि दिवसा थांबा नको, हे आरक्षणाच्या वेळी लिहून घ्यावे. परदेशातून आलेल्या आप्तांजवळ ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असेल, तर २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार त्यांना स्मारकांत भारतीयांच्या दरानेच प्रवेश मिळतो. कार्ड मात्र जवळ हवे. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

शहर शेवटच्या अर्ध्या तासावर ढकलणे

परतीच्या वाटेवर अंधारात पाणचक्की आणि धावतपळत मकबरा, हा शहरावर अन्याय आहे. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी या गावाच्या जागी हे नगर वसवले आणि त्याच्यासाठी डोंगरातले पाणी भूमिगत नहरींनी आणले. पुढच्या काळातली पाणचक्कीही दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणूनच फिरत असे. देवगिरीच्या कातळात कोरलेली संरक्षणव्यवस्था सकाळी पाहिलेल्या माणसाला ही पाण्याची योजना दाखवली, तर या भागातील लोक खडकाशी आणि पाण्याशी कसे वागत आले, हे त्याच्या ध्यानात येईल. मकबऱ्याला ताजमहालाची नक्कल म्हणून मोडीत काढू नये. १६६० च्या सुमारास औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ ही वास्तू उभी राहिली. संगमरवर मर्यादित असल्याने बाकीच्या भागावर चुन्याच्या गिलाव्यात जे नक्षीकाम झाले आहे, ते जवळ जाऊन पाहण्याजोगे आहे. शक्य असल्यास दुसऱ्या दिवसाची सकाळ शहराला द्यावी आणि मकबऱ्याच्या मागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणीही त्यात घ्यावीत, कारण तिथे गर्दी नसते.

उशीर झालाच तर

सगळी काळजी घेऊनही वेरूळला चार वाजले, तर खुलताबाद, पाणचक्की आणि खरेदी तात्काळ रद्द करावी आणि गाइडला क्रम सांगावा: आधी बसने बत्तिसावे जैन लेणे, म्हणजे इंद्रसभा, कारण ती सर्वांत दूर आहे आणि शेवटची फेरी चुकली की ती राहूनच जाते, मग दहावे चैत्यगृह, शेवटी कैलास. मावळतीकडे झुकलेले ऊन तेव्हा प्रांगणाच्या वरच्या भागात पोहोचलेले असते आणि पहारेकऱ्याची शिट्टी होईपर्यंत तिथे थांबता येते.