एकवीस पत्ते आणि शेवटी उरणारा एक

हातचलाखीशिवाय होणाऱ्या पत्त्यांच्या जादूंपैकी एकवीस पत्त्यांचा प्रयोग बहुतेकांनी लहानपणी पाहिलेला असतो. तीन ढीग, तीन वेळा वाटणी आणि अखेरीस मनात धरलेला पत्ता हजर, असे त्याचे रूप असते. या प्रयोगाचा शेवट मात्र कच्चा राहतो, कारण करणारा मनातल्या मनात अकरापर्यंत मोजत असतो आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसते. म्हणून हा शेवट समोरच्याच्याच हातून, एकेक पत्ता गाळत करून घ्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मुले खेळ सुरू करण्यापूर्वी अडम तडम म्हणत एकेक गडी सोडवतात आणि जो उरतो त्याच्यावर राज्य येते. पत्त्यांची ही गाळणी त्याच जातीची आहे.

गाळणी आधी एकट्याने करून पाहावी. कोणतेही आठ पत्ते पालथे धरावेत, मात्र सर्वांत वरचा पत्ता पाहून ठेवावा. आता वरचा पत्ता गठ्ठ्याच्या तळाशी सरकवावा, त्यानंतरचा बाहेर टाकावा, पुढचा पुन्हा तळाशी, त्यापुढचा बाहेर, असे करत जावे. तोंडाने ‘एक खाली, एक बाहेर’ असे म्हणत राहिले तर क्रम चुकत नाही. हातात एकच पत्ता उरेल आणि तो पाहून ठेवलेलाच असेल. सोळा किंवा बत्तीस पत्ते घेतले तरी हेच घडते. पत्त्यांची संख्या दोनाच्या दुपटीतली, म्हणजे दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस अशी दुपटीने वाढणाऱ्यांपैकी असली की एका फेरीत बरोबर निम्मे पत्ते जातात, वरचा पत्ता फेरी संपताच पुन्हा वर येतो आणि पुढच्या फेरीतही त्याला धक्का लागत नाही.

संख्या दुपटीतली नसेल तर काय, हा या प्रयोगाचा खरा गाभा आहे. एकवीस पत्त्यांचे उदाहरण घेऊ. एकविसाच्या आतली मोठ्यात मोठी दुपटीतली संख्या सोळा. म्हणजे पाच पत्ते जास्तीचे. हे पाच पत्ते बाहेर जाईपर्यंत आणखी पाच पत्ते तळाशी गेलेले असतात, म्हणजे वरचे दहा पत्ते हाताखालून गेले आणि मूळचा अकरावा पत्ता सर्वांत वर आला. या क्षणी हातात नेमके सोळा पत्ते आहेत आणि सोळांमध्ये वरचाच उरतो, हे आपण आत्ताच पाहिले. त्यामुळे एकवीस पत्त्यांत नेहमी अकरावाच उरतो. नियम असा की जास्तीच्या पत्त्यांची दुप्पट करावी आणि त्यात एक मिळवावा. तेरा पत्त्यांत जास्तीचे पाच, म्हणून तिथेही अकरावाच. वीस पत्त्यांत जास्तीचे चार, म्हणून नववा. अशा गाळणीला गणितात जोसेफसचे कोडे म्हणतात. इसवी सन ६७ मध्ये रोमन सैन्याच्या योदफात येथील वेढ्यातून वाचलेल्या जोसेफस या इतिहासकाराच्या हकिकतीवरून हे नाव पडले.

आता मुख्य प्रयोग. कॅटमधून कोणतेही एकवीस पत्ते वेगळे काढून समोरच्याकडून पिसून घ्यावेत. त्याला एक पत्ता मनात धरायला सांगावे. समजा त्याने इस्पिकची राणी धरली. पत्ते उताणे वाटत, एक डावीकडे, एक मध्ये, एक उजवीकडे, असे सात-सात पत्त्यांचे तीन ढीग करावेत आणि आपला पत्ता कोणत्या ढिगात आहे एवढेच त्याला विचारावे. तो सांगेल तो ढीग उरलेल्या दोन ढिगांच्या मधोमध ठेवून गठ्ठा एकत्र करावा आणि पुन्हा तशीच वाटणी करावी. एकूण तीन वेळा वाटून तीन वेळा गोळा केले की राणी अकराव्या जागी आलेली असते. पहिल्यांदा गोळा केल्यावर ती आठ ते चौदा यांपैकी कुठेतरी असते, दुसऱ्यांदा दहा ते बारा यांत आणि तिसऱ्यांदा अचूक मधोमध. अकरावी जागा वरून मोजली काय किंवा तळातून मोजली काय, एकच येते, त्यामुळे गठ्ठा उलटा धरला गेला तरी बिघडत नाही.

यानंतर गठ्ठा पालथा करून समोरच्याच्या हाती द्यावा आणि आपण हात मागे घ्यावेत. ‘एक खाली, एक बाहेर’ ही रीत त्याला एकदा दाखवून पुढचे सारे त्याला करू द्यावे. वीस पत्ते बाहेर पडायला थोडा वेळ लागतो, तरी घाई करू नये, कारण पत्ते कमी होत जातात तशी बघणारी माणसे जवळ सरकू लागतात आणि प्रयोगाची खरी रंगत तिथेच असते. बाहेर पडणारे पत्ते उताणे टाकावेत, म्हणजे आपली राणी अजून गेलेली नाही हे त्याला प्रत्येक पत्त्यागणिक दिसत राहते. शेवटचा पत्ता हाती उरला की तो उलटण्यापूर्वी मनातल्या पत्त्याचे नाव मोठ्याने घ्यायला सांगावे. हा क्रम उलटा झाला तर परिणाम निम्म्यावर येतो.

चुका होतात त्या मोजणीच्याच. कोल्हापुरात पावसाळी हवेत कागदी पत्ते दमट होऊन एकमेकांना चिकटतात. मंगळवार पेठेतल्या एका मंडपात गणपतीच्या जागरणात मी हा प्रयोग केला, तेव्हा दोन पत्ते एकाला एक चिकटून बसले होते. मी एकवीस समजून बावीस पत्ते घेतले आणि शेवटी भलताच पत्ता उरला. तेव्हापासून मी पत्ते आधी पंख्याखाली पसरतो आणि दोनदा मोजतो. संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून करायचा असेल तर वाऱ्याचा विचार करावा, कारण उताणे ढीग उडाले की क्रम गेला आणि प्रयोग पहिल्यापासून करावा लागतो. दुसरी चूक म्हणजे शेवटच्या दोन पत्त्यांपाशी समोरचा गोंधळतो. तिथेही वरचा तळाशी आणि दुसरा बाहेर, हेच त्याला शांतपणे सांगावे.

एकवीस पत्ते हातात बसले की सत्तावीस घ्यावेत, कारण त्यात ढीग नेहमी मध्येच ठेवण्याचे बंधन राहत नाही. १९व्या शतकाच्या आरंभी जेर्गोन या फ्रेंच गणितज्ञाने सत्तावीस पत्त्यांच्या या रचनेचे गणित मांडले. सांगितलेला ढीग दर खेपेला वर, मध्ये किंवा खाली ठेवून पत्ता हव्या त्या जागी नेता येतो. त्यासाठी वर म्हणजे शून्य, मध्ये म्हणजे एक आणि खाली म्हणजे दोन असे धरावे. पहिल्या खेपेचा आकडा तसाच, दुसऱ्याचा तिप्पट आणि तिसऱ्याचा नऊपट करून बेरीज केली की मनातल्या पत्त्याच्या वर किती पत्ते आहेत ते कळते. मात्र येथे दिशा सांभाळावी लागते: पालथ्या गठ्ठ्यातून वरून एकेक पत्ता उताणा वाटावा, मग प्रत्येक ढीग पालथा करूनच रचावा.

सत्तावीस पत्त्यांत गाळणीची सुरुवात उलटी केली, म्हणजे पहिला बाहेर आणि दुसरा खाली, तर बाविसावा पत्ता उरतो. त्याच्या वर एकवीस पत्ते हवेत. ते पहिल्या खेपेला वर, दुसऱ्याला मध्ये आणि तिसऱ्याला खाली ठेवल्याने मिळतात, कारण शून्य, तीन आणि अठरा यांची बेरीज एकवीस होते. ‘वर, मध्ये, खाली’ हा क्रम लक्षात ठेवायलाही सोपा आहे. कोणासमोर करण्यापूर्वी कोऱ्या चिठ्ठ्यांवर १ ते २७ आकडे घालून, त्यांतला एक मनात धरून, तीन खेपा आणि पूर्ण गाळणी दोनदा करून पाहावी. दोन्ही वेळा मनातला आकडा हाती उरला की मगच कॅट उघडावा.