फॉरमॅट मारण्याआधी: विंडोज पुन्हा टाकताना या चुका टाळा

विंडोज पुन्हा टाकताना स्क्रीनवर एरर आला की माणूस घाबरतो. खरं तर एरर येणं हे बरं लक्षण. काय अडलंय ते मशीन स्वतःहून सांगतंय, म्हणजे काहीतरी मार्ग निघेल. घात करतात त्या चुका ज्यांना एररच येत नाही. इन्स्टॉलेशन शंभर टक्के होतं, नवा वॉलपेपर झळकतो, आणि चार दिवसांनी कळतं की काय गेलं. म्हणून आधी या गप्प राहणाऱ्या चुकांबद्दल.

पहिली चूक एका वाक्यात सांगता येते, आणि ते वाक्य पुण्यातल्या कुठल्याही रिपेअरवाल्याला पाठ असेल: "सीमध्ये काही नाही हो, सगळं डीमध्ये आहे." सी म्हणजे डिस्कचा विंडोज असलेला, फॉरमॅटमध्ये पुसला जाणारा भाग; डी हा दुसरा. काका, डेस्कटॉपवरच्या त्या साठ फाइली सीमध्येच आहेत. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डरही सीमध्येच. क्रोममधले बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड गुगल खात्याशी सिंक नसतील तर तेही तिथेच. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा तर हमखास विसरला जातो. जुनं टॅली ईआरपी ९ तो आपल्याच फोल्डरमध्ये ठेवतं, नवं टॅली प्राइम 'पब्लिक' या युजरच्या फोल्डरमध्ये. जागा मुद्दाम बदलली नसेल तर दोन्ही सीमध्ये. टॅली प्राइममध्ये एफ१ आणि मग अबाउट उघडलं की डेटाचा पत्ता समोर दिसतो, तो लिहून घ्या. डेटाचा बॅकअप घेतला की लायसन्सही टॅलीतूनच सरेंडर करा, म्हणजे नव्या विंडोजवर ते चालू करताना कटकट होत नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची, इंग्रजी मार्गदर्शनात ती सापडणार नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास ज्यांचं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं जुळवायचं, काम चालतं त्यांना एव्हाना कळलं असेल: फाँट. जुन्या पत्रिका, अहवाल, सोसायटीची इतिवृत्तं, दिवाळी अंकांची पानं युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात नसतात. ती श्रीलिपीत, आयएसएममध्ये किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली असतात. या फायलींमध्ये 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेलंच नसतं. तिथे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फाँट त्याला 'क'चं रूप देतो. फाँट गेला की वीस वर्षांच्या फायली शाबूत असूनही पानभर कचरा दिसतो. श्रीलिपी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची, आयएसएम सी-डॅकचं. पण घराजवळ बनलं म्हणून मिळणं सोपं, असं नाही. मूळ सीडी हरवलेली असते, आणि ज्या प्रतीला डोंगल (मशीनला जोडायची परवान्याची किल्ली) लागतो त्याचा ड्रायव्हर कुठे आहे ते कोणालाच माहीत नसतं. विंडोज फोल्डरातलं 'फाँट्स' हे फोल्डर आख्खं कॉपी करून ठेवा. काहीशे एमबीचं काम आहे. कीबोर्डचा लेआउट कोणता वापरता तेही कागदावर लिहा. टायपरायटर लेआउटवर बसलेल्या बोटांना इन्स्क्रिप्ट हा वेगळा लेआउट दिला की दिवसभर शिव्या ऐकाव्या लागतात.

तिसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. "मी तर कधी चालू केलं नाही," असं म्हणणारे बरोबर असतात, पण नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक वेळा आपोआप चालू होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर त्याचा आवाका वाढला आहे. परिणाम असा की सी पुसून नवं विंडोज टाकता, डी जागेवर असतो, पण तो उघडायला ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर साठवलेली असते. मात्र खातं कोणाच्या ईमेलवर काढलं होतं हे आठवायला हवं, आणि मुलाच्या नावाने घेतलेल्या लॅपटॉपचं ते बरेचदा आठवत नाही. की आधी उतरवून घ्या. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षेच्या सोयींना हात लावणार असाल तरी हीच खबरदारी, कारण तेवढ्या बदलानेही पुढच्या वेळी की मागितली जाऊ शकते.

आता एक आगाऊ प्रश्न. फॉरमॅटची गरज आहे का? मशीन संथ झालंय म्हणून फॉरमॅट मारायची आपल्याकडे रीतच पडली आहे, पण हार्ड डिस्क मरायला टेकली असेल तर नवं विंडोजही तितकंच रेंगाळेल. क्रिस्टल डिस्क इन्फो हे फुकटचं साधन डिस्कची तब्येत दाखवतं. तिथे 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर फॉरमॅटचा नाद सोडा, डेटा काढा आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून एसएसडी आणा.

पेनड्राइव्हच्या चुका

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा आणि त्यावरचं सगळं पुसलं जाणार, हे लोकांना साधारण माहीत असतं. माहीत नसतं ते हे: विंडोजची आयएसओ फाइल (आख्खी इन्स्टॉलेशन डिस्क एकाच फायलीत) नुसती पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली तर तो बूट होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रूफस हे साधन वापरा. आयएसओ उघडून आतल्या फायली हाताने टाकायला गेलात तर पेनड्राइव्हची फॅट३२ ही फाइल-पद्धत आडवी येते, कारण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि 'इन्स्टॉल डॉट विम' त्याहून मोठी असू शकते.

अर्ध्यावर ०एक्स८००७०५७० किंवा ०एक्स८००७०२५डी असा कोड आला, म्हणजे फायली नीट वाचता आल्या नाहीत. बहुतेक जण इथे डिस्कला दोष देतात. आधी पेनड्राइव्ह बदला, दुसऱ्या पोर्टमध्ये लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टमध्ये. आयएसओ पुन्हा उतरवा. तरीही तोच कोड येत राहिला तर रॅमच्या पट्ट्या एकेक करून काढून बघा. कोणी तरी दिलेली, "ॲक्टिव्हेट करून ठेवलेली" विंडोजची प्रत वापरू नका. तिच्यात काय मिसळलंय ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

डिस्कच दिसत नाही

अकराव्या पिढीच्या इंटेलपासून पुढच्या लॅपटॉपवर हा प्रकार वारंवार होतो. विंडोज कुठे टाकायचं ही यादी रिकामी येते, आणि लोकांना वाटतं एसएसडी गेली. ती ठणठणीत असते. इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे ती असते आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर तुमचं मॉडेल टाका, इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर घ्या, तो उलगडून त्याच पेनड्राइव्हवर फोल्डर म्हणून ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून ते फोल्डर दाखवा. सेटअपची ईएक्सई फाइल तशीच ठेवून चालत नाही, आतली आयएनएफ फाइल लागते. बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते. मग ते तसंच राहू द्या. विंडोज टाकून झाल्यावर कोणी "मूळचं सेटिंग बरं" म्हणून परत चालू केलं की मशीन निळ्या पडद्यावर अडकतं.

एमबीआर, जीपीटी आणि 'क्लीन'ची घाई

"या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही" या संदेशाखाली बारीक अक्षरात कारण असतं, तेच वाचायचं असतं. डिस्कची विभागणी मांडायच्या पद्धती दोन, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. डिस्क एमबीआर पद्धतीची आणि पेनड्राइव्ह यूईएफआयमधून (बायॉसच्या नव्या पद्धतीने) बूट केलेला, किंवा याच्या उलट. नेटवर याला एकच उपाय सांगतात: शिफ्ट एफ१० दाबा, डिस्कपार्ट उघडा, डिस्क निवडा, 'क्लीन' करा, 'कन्व्हर्ट जीपीटी' करा. उपाय बरोबर आहे. फक्त 'क्लीन' सीपुरतं थांबत नाही, त्या आख्ख्या डिस्कवरचं सगळं विभाजन उडवतं. एकाच डिस्कवर सी आणि डी असतील तर डीसुद्धा गेला. डेटा तिथेच असेल तर एमबीआर-टू-जीपीटी हे विंडोजमधलंच साधन पाहा. ते डेटा न पुसता रूपांतर करतं, मात्र प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर नकार देतं. बॅकअप तरीही हवाच. विंडोज १० टाकत असाल तर आणखी सोपी वाट आहे: बूट मेनूत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसतं, त्यातलं 'यूईएफआय' न लिहिलेलं निवडा.

डिस्क ओळखताना क्रमांकावर विसंबू नका, आकार बघा. ५०० जीबीची डिस्क ४६५ दाखवते, १ टीबीची ९३१, आणि २५६ची एसएसडी साधारण २३८.

जुन्या डेस्कटॉपला नवी एसएसडी लावणाऱ्यांची चूक जरा खोल आहे. जुनी हार्ड डिस्क जोडलेलीच ठेवून एसएसडीवर विंडोज टाकतात. इन्स्टॉलरला जुन्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन सापडतं आणि तो बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा भाग) तिथेच लिहून मोकळा होतो. बिऱ्हाड नव्या घरात, किल्ली जुन्या घरमालकाकडे. काही महिन्यांनी जुनी डिस्क काढता आणि मशीन म्हणतं बूट डिव्हाइस नाही. विंडोज टाकेपर्यंत जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, झाल्यावर जोडा.

किरकोळ, पण हमखास

पहिल्या रीस्टार्टनंतर इन्स्टॉलेशन पुन्हा पहिल्या पानावर आलं तर काही बिघडलेलं नाही. मशीन परत पेनड्राइव्हवरून सुरू झालंय, तो काढा.

तारीख दरवेळी मागे जात असेल आणि बायॉसची सेटिंग टिकत नसतील तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. चुकीच्या तारखेमुळे वेबसाइटही सुरक्षिततेची तक्रार करतात आणि लोक उगाच अँटिव्हायरस बदलत बसतात.

सेटअप इंटरनेट मागतो आणि वायफायचा ड्रायव्हर नाही, ही अडचण अँड्रॉइड फोनने सुटते. केबल लावा, यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट चुकवायच्या जुन्या युक्त्या मायक्रोसॉफ्ट एकेक करून बंद करत आहे, त्यांच्या मागे लागू नका.

ॲक्टिव्हेशनसाठी की विकत घ्यायची बहुधा गरज नसते. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची की मदरबोर्डमध्येच असते. पण विंडोज होमचा परवाना असताना हौसेने विंडोज प्रो टाकलंत तर ती लागू पडत नाही.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून सातव्या पिढीच्या किंवा त्याहून जुन्या इंटेल मशीनवर ११ बसवायचा मोह होतो. रूफस टीपीएमची अट काढून टाकतं, विंडोज बसतंही. पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर टू ड्युओसारख्या फार जुन्या प्रोसेसरवर २४एच२ सुरूच होत नाही. अशा मशीनवर नोंदणी करून १० ची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. किंवा विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. घरी बघायला आणि टाइप करायला ते पुरतं, टॅलीवाल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

आणि हे सगळं गुरुवारी काढू नका. देखभालीसाठी वीज कधी जाईल हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको, आणि बॅटरी गेलेला लॅपटॉप चार्जरवर चालतो तोवरच चालतो.

फॉरमॅट न करता जुन्या विंडोजवरच नवं टाकलं गेलं असेल आणि काही राहिल्याचं नंतर लक्षात आलं, तर सीमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर शोधा. जुने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स त्यातल्या 'युजर्स'मध्ये असतात. हे फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे जागा मोकळी करायच्या आधी ते उघडून बघा आणि हवं ते दुसऱ्या डिस्कवर हलवा.