लाइट पेंटिंग: अंधारात टॉर्चने फोटो रंगवताना

लाइट पेंटिंग म्हणजे अंधारात कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून टॉर्च फिरवत फोटो काढणं. त्यात प्रकाशाची रेघ फिकी आली की बहुतेक जण शटरची वेळ वाढवतात. त्याने रेघ उजळत नाही, उजळतं ते मागचं आकाश. हलता दिवा सेन्सरच्या एका ठिपक्यावर क्षणभरच असतो, त्यामुळे रेघ किती ठळक येणार हे ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं छिद्र), आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) आणि तुमच्या हाताच्या वेगावर ठरतं. फिकी आली तर हात सावकाश फिरवा किंवा ॲपर्चर एफ/८ वरून एफ/५.६ वर आणा, म्हणजे छिद्र मोठं करा.

सुरुवात आयएसओ १००, एफ/८, ३० सेकंद अशी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन (थरथर सावरणारी सोय) बंद, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ऑटोवर नको, फाइल रॉ (सेन्सरची कच्ची फाइल). टॉर्च न लावता एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा यायला हवा. राखाडी आला तर वेळ निम्मी करा. फोकससाठी वस्तूवर टॉर्च मारून ऑटोफोकस करा आणि लगेच लेन्स मॅन्युअलवर टाका. हे राहिलं तर लेन्स अंधारात फोकस शोधत बसते आणि शटर उघडतच नाही. शटरला दोन सेकंदांचा टायमर लावा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब वेळेच्या फोटोतले दाणे काढणारी सोय) चालू असेल, तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी तेवढाच वेळ अडकतो. सरावात बंदच ठेवा.

झाड किंवा भिंत रंगवायची असेल, तर कॅमेऱ्याजवळून टॉर्च मारू नका. सगळं सपाट दिसतं. बाजूला जा, म्हणजे खडबडीतपणा सावल्यांतून उठून दिसेल. झोत ब्रशसारखा सतत हलता ठेवा, थांबला की तिथे पांढरा डाग. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो, म्हणून दूरच्या भागावर चौपट वेळ द्या. टॉर्चच्या तोंडाला काळ्या कागदाची नळी गुंडाळली की दिव्याचा ठिपका बाजूने दिसत नाही.

हवेत अक्षरं लिहायची तर दिव्याचं तोंड कॅमेऱ्याकडे हवं, आणि दोन अक्षरांमध्ये तो बोटाने झाका. कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिलेलं फोटोत उलटं येतं. उलटं लिहायची कसरत कशाला, नंतर फोटो आडवा फ्लिप करा. रेघ तुटक, ठिपक्याठिपक्यांची आली तर हात नव्हे, टॉर्च बदला: काही एलईडी मंद केल्यावर वेगाने उघडझाप करतात.

कपडे गडद घाला आणि अंगावर झोत पडू देऊ नका. उलट माणूस फोटोत हवाच असेल, तर त्याला स्थिर उभं करून शेवटी एकदाच फ्लॅश मारा.